कोकिळा घर बघायला येते

दिनानाथाने छपरावरून हात खाली केला आणि केसरने चीर गेलेलं कौल मुद्दाम त्याच्या हातात दिलं.

त्याने ते बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. आवाज बसका आला.

"हे न्हाय चालायचं. चीर गेलीय याला."

"खालून कुठं दिसतीय?"

"पानी गळलं म्हंजे दिसेल."

"माघात कसलं पानी गळतंय?"

कौल परत देऊन त्याने पुन्हा हात पुढे केला. बायकोशी भांडण टाळायचं असेल त्याने छपरावर चढून बसावं. तिथे अर्धं ऐकूच आलं नाही म्हणायची सोय असते. केसरने मग चांगलं कौल दिलं, पण हात आखडून, त्याला दोनदा वाकायला लावून.

तीन वर्षं ती कौलं चाळून द्या म्हणून त्याच्या मागे लागली होती. मुंबईच्या गोदीत काम करणारा नवरा वर्षातून दोनदा घरी येई. शिमग्याला आला की म्हणे, पावसाला अजून वेळ आहे. गणपतीला आला की म्हणे, पाऊस आता संपतच आला. मधल्या दिवसांत केसर एकटी माजघरात तीन ठिकाणी तीन भांडी मांडून बसे. आणि आता भर माघात, आभाळात ढगाचं नाव नसताना, गडी आठ दिवसांचे खाडे करून रेवसच्या धक्क्यावर उतरला होता आणि उतरल्यापासून घराला लागला होता. भिंतींना चुना झाला. ओटीच्या खांबांना तेल लागलं. पुढच्या दाराला कोयंडा नव्हता म्हणून केसर पाच वर्षं आतून मुसळ लावून झोपत होती, तिथे अलिबागेहून नवा कोयंडा आला.

हे सगळं परवासाठी होतं. परवा मुंबईचा बाळाजीशेट विकत घ्यायचं म्हणून घर बघायला येणार होता. तो एकटा येता तर केसरने पदर खोचून कौलं स्वतः चाळली असती. पण तो बायकोला घेऊन येणार होता, आणि बाळाजीशेटची बायको म्हणजे कोकिळा.

कोकिळा आणि केसर एकाच गावच्या, खाडीपलीकडच्या. एकाच वयाच्या, एकाच पाणवठ्यावर वाढलेल्या. पण कोकिळा रंगाने उजळ, बापाची एकुलती एक; आणि केसर चार बहिणींतली तिसरी, म्हणजे जुन्या परकराचीही तिसरी धनीण. सोळा वर्षांपूर्वी दिनानाथ बापाबरोबर त्या गावी मुलगी बघायला गेला होता तो कोकिळेला. मुलगी पसंत पडली. मग रीतीप्रमाणे मुलीचा बाप घर बघायला आला. लेक द्यायची तर घर आधी बघायचं. छप्पर बघायचं, गोठा बघायचा, कणगीवर हळूच हात मारून आत भात आहे की नुसतीच कणगी आहे ते बघायचं. कोकिळेच्या बापाने यातलं काहीच केलं नाही. तो अंगणात उभा राहिला, तेव्हाच्या गवती छपराकडे त्याने एकदा पाहिलं, आणि ओटीवर न चढताच परत गेला. चार दिवसांनी निरोप आला, की इकडची हवा मुलीला मानवायची नाही.

चार महिन्यांनी दिनानाथाने केसरच्या गळ्यात माळ घातली. केसरचा बाप घर बघायला आलाच नव्हता. चार मुलींचा बाप घरं कसली बघतो.

पुढे दिनानाथ मुंबईला गेला, आणि पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून त्याने गवत उतरवून घरावर कौलं चढवली. गाव म्हणाला, बायकोचे लाड बघा. केसर मात्र समजून चुकली, की ही कौलं जिने बघावीत म्हणून चढली ती बायको दुसरीच. तसं तो कधी बोलला नव्हता. पण वर्षानुवर्षं मनात धरलेली गोष्ट खऱ्याहून पक्की होते, आणि केसरच्या मनातली ही गोष्ट त्या कौलांइतकीच भाजून पक्की झाली होती.

"ते घंगाळ घासून पडवीत ठेव," छपरावरून आवाज आला. "आनि दाराशी ती अबोली हाय ना, तिला जरा पानी घाल. परवापर्यंत फुलू दे. तिला अबोलीची आवड हाय."

केसरच्या हातातलं कौल हातातच राहिलं.

"कुनाला?"

छपरावर एक कौल उगीच सरकवल्याचा आवाज झाला.

"शेटच्या मंडळींना," दिनानाथ म्हणाला.

"तुमाला कसं म्हाईत?"

"अगं, तवा बघायला गेलो तवा तिच्या डोक्यात होती. बापानं सांगितलं, पोरीला अबोली लय आवडते. एवढंच."

"सोळा वर्सं झाली."

"मंग?"

"माज्या डोक्यात काय होतं?"

दिनानाथाने विचार केला. खरोखरीच केला, हेच जास्त वाईट. केसर खाली वाट बघत उभी राहिली.

"पदर व्हता," तो शेवटी म्हणाला.

त्या दुपारी अबोलीला पाणी मिळालं नाही. घंगाळ मात्र केसरने चिंचेने असं घासलं की त्यात तिचं तोंड दिसावं. आणि ते दिसल्यावर तिला आणखीनच राग आला.

घर विकलं जावं असं तिलाही वाटत होतं. तिलाच जास्त वाटत होतं. दिनानाथ मुंबईत गावच्या गाळ्यात राहायचा; वीस पुरुष, एक मोरी, भिंतीला ओळीने वळकट्या. तिथे बायको कुठे नेणार. सासू होती तोवर घरात निदान दोन माणसं होती. सासू गेल्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावला की उजेडात बसायला केसर एकटी. एक मूल झालं होतं, ते सहा महिन्यांचं होऊन गेलं. शिमग्या-गणपतीला येणाऱ्या नवऱ्याकडून संसार वाढायचा तरी किती. आणि संसार न वाढणं एक वेळ परवडलं; गावातल्या दोघींचे नवरे मुंबईतच दुसरा घरोबा करून बसले होते. त्यातली एक, नीराबाई, अजून दर शिमग्याला घर सारवून नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसे. तिच्या दारावरून जाताना केसर पाय उचलून चाले.

आता माझगावात चाळीची एक खोली मिळत होती. खोलीवाला होळीपर्यंत थांबणार होता. घर विकलं गेलं तर खोली, नाहीतर पुन्हा गाळा, आणि केसर इथेच. घर दोघांनी बघून झालं होतं. एकाला भरतीला बुडणारं खाजण जवळ वाटलं, दुसरा गेला तो गेलाच. बाळाजीशेट तिसरा, आणि होळीच्या आतला शेवटचा.

म्हणजे घर कोकिळेला पसंत पडायला हवं होतं. केसरला हे कळत होतं. तिला फक्त ते सोसत नव्हतं. जे घर कोकिळेच्या बापाने अंगणातून नापसंत केलं, जे मग उरलंसुरलं म्हणून आपल्या वाट्याला आलं, ज्यात आपण सोळा वर्षं हाडं झिजवली, ते आता कोकिळेला पुन्हा बघायला मिळणार, आणि हवं तर घेतासुद्धा येणार. तिला वाटे, घर असं दिसावं की कोकिळेच्या पोटात दुखावं. आणि तिला ते मिळू मात्र नये. आणि विकलं तर जावं. या तीन गोष्टी एका घरात कशा मावणार याचा हिशेब तिला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सारवायला बसताना तिने ठरवलं, की नुसती वेठ वळायची, कसंतरी उरकायचं. शेण पातळ कालवलं. पण दोन हात फिरवले आणि तिचं तिलाच बघवेना. केसरच्या हाताला वाईट सारवता येत नव्हतं. तिने उठून शेणात मूठभर खाजणातली चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळली, आणि माजघरापासून ओटीपर्यंत भुई अशी गुळगुळीत केली की वर भात सांडला तर वेचून खावा. दिनानाथ दारात येऊन बघत राहिला.

"झ्याक," तो म्हणाला. "खूश होतील."

"कोन?"

तो शहाणा होता, अंगणात निघून गेला. बघण्याच्या दिवशी सकाळी न्हाव्याला बोलावून त्याने दाढी करून घेतली. मुंबईहून आणलेला पांढरा सदरा घातला. केसरने त्याच्याकडे पाहिलं आणि चुलीत एक लाकूड जास्त सारलं.

उन्हं वर आली तेव्हा रेवसकडून छकडा आला. आधी बाळाजीशेट उतरला; काळा कोट, घड्याळाची साखळी, हातात छत्री. खडी वाहणाऱ्या गाड्यांमागे धावता धावता हा माणूस खडीचा कंत्राटदार झाला होता, आणि आता धावायचं काम पोटाला जमण्यासारखं राहिलं नव्हतं. मग कोकिळा उतरली.

केसरने आधी सोनं पाहिलं. पाटल्या, गोठ, ठुशी, नथ. मग लुगडं, जरीच्या काठाचं. मग पायांतली जोडवी. या सगळ्याच्या आत कोकिळा बरीच वाळली होती, हे तिला नंतर दिसलं, आणि दिसलं तेव्हा तिला वाटलं, मुंबईत हीच तऱ्हा असेल. श्रीमंताला बारीक राहायची हौस.

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. दिनानाथ हात जोडून उभा होता आणि त्याचा आवाज आज मऊ लागला होता.

"या. बसा. वाटेत तरास न्हाय ना झाला?"

"न्हाय," कोकिळा म्हणाली. तिने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. ती केसरकडे वळली. "बरी हायस का गं?"

दोघे पुरुष ओटीवर बसले. केसर कोकिळेला घेऊन आत गेली. घर दाखवायला लागतो असा किती वेळ. पण कोकिळा फार सावकाश बघत होती. कौलांकडे तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. केसरला ते लागलं. इतकी वर्षं ज्या कौलांनी तिला छळलं, ती जिच्यासाठी चढली तिने त्यांच्याकडे बघू नये म्हणजे काय?

कोकिळा भलतंच विचारत होती.

"ही कडी आतनं नीट बसते का?"

"नवी हाय."

"शेजार किती लांब?"

"ते बघ, नारळीच्या पल्याड. सदूचं घर."

"हाक मारली तर ऐकू जाते?"

"वारा नसला तर जाते."

"आनि सोबतीला कोन झोपतं?"

"कोन झोपनार? माजी मी," केसर म्हणाली. तिला वाटलं, मुद्दाम विचारतेय. आपल्याला एकटीने दिवस काढावे लागतात हे तोंडाने वदवून घेतेय.

माजघराच्या दारातून ओटी दिसत होती. कोकिळेने तिकडे हलकेच मान केली.

"तुजा मालक बरा मानूस दिसतो. कुठल्या गावचा गं? इथलाच?"

केसर तिच्याकडे बघत राहिली.

"वळखला न्हाय?"

"मी कुठं बघितलाय?"

"तुला बघायला आला व्हता. आमच्या लग्नाच्या आधी. तुज्या बापानं घर नापसंत केलं."

कोकिळेने आठवून पाहिलं. तिला आठवत नव्हतं.

"असेल. चार-पाच जनं येऊन गेले तवा. मान वर करायची सोय न्हवती. मी सगळ्यांचे पाय तेवढे बघितले."

केसरच्या मनात सोळा वर्षं जी बाई ठाण मांडून बसली होती तिला हे ठाऊकही नव्हतं. यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. केसरला उलट फसवल्यासारखं वाटलं. चोर समजून ज्याच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवावा, त्याने म्हणावं की मला तुझं घर कुठे आहे तेच माहीत नाही. तसंच हे झालं. तिची जळजळ होती तिथेच राहिली, फक्त आता त्या जळण्याला काही कारण उरलं नाही.

"चल, परसदार दाखवते," ती म्हणाली.

तिला घराला नावं ठेवायची होती, आणि ती घरात ठेवता येत नव्हती. वास्तू तथास्तु म्हणते. छपराखाली उभं राहून घराबद्दल वाईट बोललं की ते खरं होतं. हे ती सून होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिच्या कानीकपाळी बसवलं होतं, आणि तेव्हापासून गळतं म्हणायचं तरी केसर अंगणात येऊन म्हणे. परवा नवऱ्याशी भांडली तीही अंगणातूनच.

परसदाराचा उंबरा ओलांडून, अळवाचा वाफा ओलांडून, ती पार विहिरीशी जाऊन थांबली. मागे वळून पाहिलं. पुरेसं लांब होतं.

"बालपनीची मैतरीन म्हनून सांगते," ती म्हणाली. "पुरुषांना यातलं कळत न्हाय. ही हीर. माघापर्यंत गोड असते, मंग मचूळ होते. वैशाखात तोंडात धरवत न्हाय."

कोकिळेने वाकून आत पाहिलं. ही विहीर वैशाखातसुद्धा अर्ध्या आळीला पाजत होती.

"आनि पावसात जनावर निघतं. गेल्या साली चुलीपाशी वेटोळं घालून बसलेलं निघालं. अवसेच्या भरतीला खाजनातलं पानी इथवर येतं. कौलं तर काय, चाळली तरी महिन्यात पुन्ना सरकतात. खारा वारा, लाकूड टिकत न्हाय, भांडं टिकत न्हाय. बाईमानूसबी टिकत न्हाय."

हे शेवटचं तिच्या मनात नव्हतं, ते आपोआप आलं. ती थांबली. खोटं बोलताना एकीकडे तिला बरं वाटत होतं आणि दुसरीकडे माझगावची खोली एक एक वाक्याने लांब जाताना दिसत होती. तरी जीभ थांबत नव्हती.

"अजून सांग," कोकिळा म्हणाली.

"अजून काय?"

"अजून काय काय वाईट हाय ते."

केसरने तिच्या तोंडाकडे पाहिलं. कोकिळा थट्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि विशेष म्हणजे ती हसतही होती.

"हे त्यांना सांगशील?" ती म्हणाली. "आता मला सांगितलंस तसंच. मी सांगितलं तर म्हनतील नाटकं करते. तू घरची मालकीन. तुजं ऐकतील."

"कशापायी?"

कोकिळेने घराकडे पाहिलं, मग विहिरीच्या काठाला हात टेकला.

"नवी आनलीय. गेल्या वैशाखात. दिवस गेलेत तिला. आता घरात दोघी नकोत म्हनून माजा हवापालट. डॉक्टर म्हनला म्हनतात. मला तर कुठला डॉक्टर बघायलाच आला न्हाय." ती सरळ सांगत होती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. "घर मला घेऊन देनार. माहेर जवळ पडेल म्हनतात. माहेरी कोन हाय माज्या? म्हैन्या-दोन म्हैन्यांनी येत जाईन म्हनतात."

या 'येत जाईन'चा अर्थ केसरला कुणी समजावायला नको होता.

"हे घर न्हाय तर दुसरं बघतील," ती म्हणाली.

"कोन बघतंय. आयतं पायाशी चालत आलं म्हनून निघाले. वैशाखात तिचं बाळंतपन, मंग पाऊस. तवर तिला पोर सांभाळायला कुनीतरी लागेलच. राहून जाईन मी एका कोपऱ्यात. पन तिथं राहीन. भिंतीपल्याड मानूस तर असेल."

"आनि मी गं?"

कोकिळेने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"तुला सवय हाय," ती म्हणाली.

ओटीवरून दिनानाथाची हाक आली. चहा झाला का म्हणून विचारत होता.

केसरने चुलीवर आधण ठेवलं, साखर घातली, पत्ती घातली, आणि चहा वर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. कोकिळेची दया यावी असं तिला वाटत होतं, आणि थोडी येतही होती. पण दयेच्या आधी दुसरंच काही पोटात उतरलं होतं, आणि ते गोड होतं. एवढ्या पाटल्या, एवढे गोठ, आणि हे असं. आपण जिच्यावर जळत होतो तिच्या घरात जळायला काही उरलं नाही. हे वाटलं त्याची तिला लाज वाटली. पण लाज वाटल्याने ते वाटायचं थांबलं नाही. आणि त्या सगळ्याच्या वर ते एक वाक्य तरंगत होतं. तुला सवय हाय.

तिने कपबश्या माजघराच्या दारापर्यंत नेल्या. तिथून दिनानाथाने घेतल्या. ती दाराच्या चौकटीआड उभी राहिली. कोकिळा आतल्या खांबाला टेकून उभी होती. परसदार उघडंच होतं आणि त्यातून उन्हाचा पट्टा भुईवर पडला होता.

बाळाजीशेटने चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला. मिशी पुसली.

"घर बरं दिसतंय," तो म्हणाला. "ठेवलंयबी झ्याक. पन वैनी, एक विचारू का? हे पुरुष मानूस, हा काय सांगनार. वर्सातनं दोनदा येनारा. तुमी राहिलेल्या. तुमी खरं सांगाल. पानी कसं हाय?"

दिनानाथाने दाराकडे पाहिलं. त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. केसरला एकदम कळलं, की गेले आठ दिवस हा माणूस घाबरलेला होता. कोकिळेसाठी नटला होता की काय हे देव जाणे. पण घर विकलं गेलं नाही तर काय, याने तो घाबरलेला होता. तो तिला बरोबर न्यायला बघत होता. हे तिने एकदाही धरून पाहिलं नव्हतं.

तिने कोकिळेकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ती बघतेय हे पाठीला कळत होतं.

परसदाराचा उंबरा दोन पावलांवर होता. जरा बाहेर या म्हटलं असतं तर बाळाजीशेट आला असता. विहीर दाखवते म्हटलं असतं तरी आला असता. बाहेर जाऊन तिला काहीही बोलता आलं असतं.

"गोड हाय," केसर चौकटीआडून म्हणाली. "वैशाखातबी आटत न्हाय. अर्धी आळी इथलंच भरते."

"आनि जनावरबिनावर?"

"सोळा वर्सांत एकदाबी न्हाय बघितलं."

ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती. आणि घरात उभं राहून घराला नावं ठेवायची नाहीत, हे तर सासूनेच सांगून ठेवलं होतं. तिने हे मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ते बरोबरच होतं, आणि तरी तिला मागे वळवेना.

"मंग ठरलं," बाळाजीशेट म्हणाला, आणि दिनानाथाने विड्याचं तबक पुढे केलं.

पुरुषांची बोलणी पुढे बराच वेळ चालली. कागद कधी करायचा, चावी कधी द्यायची, कणग्या ठेवायच्या की न्यायच्या. कोकिळा त्या वेळात माजघरात पाटावर बसून राहिली, भुईवरून तळहात फिरवत. केसर चुलीशी उगीच भांडी हलवत होती.

छकडा जुंपल्यावर केसरने हळदकुंकवाचा करंडा काढला. सवाष्ण घरी आली होती. ओटी भरल्याशिवाय कशी पाठवणार. तांदळाची ओंजळ आणि आपल्याच झाडाचा नारळ तिने कोकिळेच्या पदरात घातला. कुंकू लावायला हात वर नेला तेव्हा दोघींचे चेहरे अगदी समोरासमोर आले. आज सकाळपासून पहिल्यांदा केसरला ते सोनं दिसलं नाही. तिने कुंकू लावलं.

कोकिळेने पदर सावरला. रागावलेली ती दिसत नव्हती. ती केसरकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, सावकाश. केसरच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, जुनं लुगडं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे, जिथे दिनानाथ पांढऱ्या सदऱ्यात बैलांना पाणी दाखवत उभा होता. अशा नजरेची केसरला चांगली ओळख होती. ती नजर तिने आजवर आतूनच ओळखली होती, आपल्याच डोळ्यांतली म्हणून. बाहेरून ती कशी दिसते हे तिने पहिल्यांदा पाहिलं.

"खोली केवढी हाय गं मुंबईची?" कोकिळेने विचारलं.

"दहा बाय बारा म्हनतात. मी अजून बघितली न्हाय."

"पुष्कळ झाली," कोकिळा म्हणाली. "दोघांना."